टिटवी ओरडली की

आमच्या कोळीवाड्यात टिटवी ओरडली की दारं लागतात. हे कोणी कोणाला शिकवत नाही, नाक पुसायला शिकावं तसं आपोआप येतं. दार लावायचं, चुलीत चिमूटभर मीठ टाकायचं, आणि तिचं ओरडणं थांबेपर्यंत कोणाचंही नाव तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की टिटवी ते उचलते आणि तो माणूस जातो. घरोघरी गॅस आल्यापासून मीठ शेगडीवर पडतं, मग बर्नर बसतो आणि बायका नवऱ्यांवर डाफरतात. पण मीठ टाकायचं काही थांबत नाही.

माझी सासू ठमाबाई ही या कायद्याची इन्स्पेक्टर. पहिला सूर कानावर पडला की ती ताटावरून उठून कडी घालते. घरातलं कोणी बाहेर राहिलं असेल तर दाराच्या फटीतून "शुक शुक" करते, पण हाक मारत नाही.

मी तिची सून, दमयंती. डोक्यावर पाटी घेऊन नवीन पनवेलच्या सेक्टरांमधून मासळी विकते. माझा गळा मोठा आहे, त्याशिवाय तिसऱ्या मजल्यावरच्या बायका खाली उतरत नाहीत. म्हणून सासू मला टिटवी म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासून तिच्या तोंडून मी माझं खरं नाव ऐकलं नव्हतं. आधी राग यायचा, मग सवय झाली.

यंदा होळीनंतर टिटवीच्या एका जोडीने आमच्या बांधावर अंडी घातली. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला तो जुना बांध, आणि त्यात भरतीचं पाणी अडवणारी झडप, जिला आम्ही उघाडी म्हणतो. उघाडीजवळ कोणीतरी राबीट टाकून गेलं होतं: फुटक्या लाद्या, विटांचे तुकडे, कमोडची अर्धी बैठक. त्या कचऱ्यात चार अंडी. घरटं म्हणावं असं काही नाही, नुसती चार खडे सारून केलेली जागा. अंडी मातकट, काळ्या ठिपक्यांची. ती टिटवीबाई डोक्यावर झेपावली नसती तर माझा पाय त्यांच्यावरच पडला असता.

तेव्हापासून येता-जाता मी तिला बघायला लागले. उन्हं तापली की ती खाडीच्या कडेला जायची, पोट पाण्यात बुडवायची आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसायची. तापलेल्या पोराच्या कपाळावर आपण ओली पट्टी ठेवतो, तसं. दिवसभर हेच चालायचं. नर आला की ती उठायची आणि तो भिजून येऊन बसायचा. माझा नवरा काळूराम कधी पाण्याचा तांब्या भरून देत नाही, म्हणून मला त्या नराचं जरा जास्तच कौतुक वाटलं.

पण त्याच दिवसांत खाडी मरायला लागली. संध्याकाळी टिटवी जोरात ओरडायची, वाडा दारं लावायचा, आणि सकाळी उघाडीच्या तोंडाशी बोय मासे उताणे पडलेले असायचे. कोळंबी चिखलात लाल होऊन पडायची, उकडल्यासारखी. एकदा हातभर लांबीचा जिताडा तरंगत आला. मग ती मासळी खाणारे मरायला लागले. पाणकावळे तिवरांच्या मुळांत अडकून पडले. बगळे उभे असायचे, पण हुसकावलं तरी उडायचे नाहीत, मान आत ओढून तसेच कलंडायचे. एक खंड्या मी हातात उचलून घेतला. पंखांचा निळा रंग जसाच्या तसा होता, पायांची कातडी मात्र सोलून निघाली होती, आणि त्याला संडास धुवायच्या औषधासारखा वास येत होता. मला रडू आलं. मासे कापून पोट भरणाऱ्या बाईला एका खंड्यासाठी रडू यावं याची लाजही वाटली नाही.

बाजारात तर विचारूच नका. "खाडीची आहे का? मग नको," असं गिऱ्हाईक तोंडावर म्हणायला लागलं.

वाड्याने मात्र सगळा हिशेब लावून टाकला. टिटवी संध्याकाळी ओरडते आणि सकाळी मासळी मरते, तेव्हा टिटवीनेच मारली. त्यात म्हाताऱ्या रेवाकाकी त्याच आठवड्यात गेल्या. त्या किती वर्षं अंथरुणाला खिळून होत्या ते सगळे विसरले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, एवढीही अक्कल कोणाला राहिली नाही.

देवळापुढे बैठक झाली. काशीरामबाबा वाड्याचे पंच. ते म्हणाले, "अवदसा हाय ती. अंडी फोडा, जोडी आपोआप जाईल. काळूरामचा नेम चांगला हाय, त्याच्याकडंच काम देऊ. येत्या रविवारी."

काळूराम मान डोलावून आला. मी त्या रात्री त्याला जेवायला वाढलं, पण एक शब्द बोलले नाही. माझ्या घरात याला फार मोठी शिक्षा समजतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बांधावरून येत होते. टिटवी अंगावर आली, कानठळ्या बसवल्या. मी पुढे गेले तशी गप्प झाली. मागून कुत्रं आलं, पुन्हा ओरडली. कुत्रं गेलं, गप्प. मी पाटी खाली ठेवली आणि तिथेच उभी राहिले. ही बाई मरण बोलावत नाही. ही नुसतं सांगते की कोणीतरी आलंय. मग रोज संध्याकाळी, वाड्याची दारं बंद असताना, बांधावर कोण येतं?

बांधाला जायचा फाटा मोठ्या रस्त्यावरून फुटतो. न्हावा शेव्याच्या ट्रेलरांची रांग तिथून दिवसभर सरकत असते. फाट्याच्या तोंडाशी फारूकभायची चहाची टपरी आहे. मी त्याला विचारलं, "संध्याकाळी आत कोन गाडी जाते काय?"

"ताज्या चाकांच्या खुणा रोज दिसतात वहिनी," तो म्हणाला. "पण गाडी मी पाहिली नाही. मगरिबची अजान झाली की मी टपरीवर फडकं टाकतो आणि नमाजला जातो. परत येईपर्यंत खुणा पडलेल्या असतात."

तो नमाजला जातो, त्याच वेळी आम्ही कड्या घालतो. एका वेळी एवढे डोळे मिटलेलं दुसरं गाव शोधून सापडलं नसतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, वर आंधळं म्हणतंय की जात्यालाच भूत लागलंय.

त्या संध्याकाळी टिटवी ओरडली. सासूने कडी घातली. मी कडी काढली.

"टिटवे, कुठं चाललीस?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"दुसऱ्या टिटवीला भेटाया," मी म्हणाले आणि निघाले.

बांधावर टँकर उभा होता, दिवे बंद. मागून जाड नळी उघाडीत सोडलेली, आणि तिच्यातून पिवळं पाणी भसाभसा पडत होतं. जिथे पडत होतं तिथून वाफ निघत होती. माझे डोळे झोंबले. एक माणूस नळीपाशी उभा होता आणि टिटवी त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत, जीव खाऊन ओरडत होती. एवढासा जीव, टँकरसमोर. मी पण ओरडायला लागले. असेल नसेल तेवढा गळा लावला. या रे, धावा रे, पकडा रे. माणसाने नळी ओढून घेतली आणि टँकर मागे मागे जात रस्त्याला लागला. नंबरावर चिखल फासलेला होता.

वाड्यात एकही दार उघडलं नाही. घरी आले तेव्हा सासू शेगडीत मीठ टाकत होती. म्हणाली, "आज दोन टिटव्या वरडत व्हत्या. दोन मानसं जानार."

मला हसावं की रडावं कळेना. एक टिटवी मीच होते, हे तिला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आताच मरून परत आलेय.

मी प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, गाडीचा नंबर आणा. देवळापुढे गेले. काशीरामबाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे टिटवी बोलली आनि टँकर आला. तिनंच आनला की."

"तिनं आनला नाय, बाबा. तिनं पायला. तुमी कड्या घालून बसलाव म्हनून तुमाला दिसला नाय. चोर सोडून संन्याशाला फाशी देताव तुमी."

"तू एकटी काय करनार हायस?" ते हसले. "टिटवी देखील समुद्र आटविते, असं म्हनत्यात खरं. पन ते म्हनन्यापुरतं."

पुरुष हसले. काळूराम हसला नाही, एवढं मी पाहून ठेवलं. पण रविवारचा ठराव काही बदलला नाही.

मग मी ठरवलं की अंडी फुटू द्यायची नाहीत. ती फुटली तर जोडी उडून जाईल, आणि खाडीवर जागं राहणारं कोणी उरणार नाही. टँकरला मोकळं रान. माझ्या मनात दुसरीही एक गोष्ट सलत होती. ती बाई ज्या पाण्यात पोट भिजवत होती ते हेच पाणी. आपल्या पोरांना गार करायला ती तेच विष पोटाला लावून आणत होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारी मी घरातली पितळी परात उचलली, नळाचं गोडं पाणी भरलं आणि अंड्यांपासून जरा दूर बांधावर ठेवली. मासे कापायचा कोयता घेतला आणि पाटी उलटी घालून तिच्यावर बसले. टिटवी माझ्या डोक्यावर येऊन ओरडली. शिव्याच म्हणा. मी कोणाच्या बाजूची आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"वरड," मी म्हणाले. "पन मी उठनार नाय."

बऱ्याच वेळाने ती दमली. मग परातीभोवती दोन फेऱ्या मारून तिने आत पाय टाकला, पोट बुडवलं, पिसं फुलवली आणि ओलीचिंब जाऊन अंड्यांवर बसली. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मला आजही पुरतोय.

उन्हं कलली तेव्हा काळूराम आला. खांद्यावर त्याचं मोठं जाळं होतं, दोन पावसाळे बसून विणलेलं. जाळं टाकून जोडी धरायची आणि मग अंडी फोडायची, असं त्याचं चाललं असावं.

"उठ गो," तो म्हणाला.

"नाय."

"लोकं बोलतात मला. बायकोला आवरता येत नाय म्हनतात."

"खरं बोलतात," मी म्हणाले. "बस हितं. सूर्य बुडेपर्यंत बस. कोन आला नाय तर तूच फोड, मी धरायची नाय तुझा हात. बोय पकडायला तास तास चिखलात बसतोस, माझ्यासाठी एवढं बस."

तो बसला. टिटवी त्याच्यावर ओरडली, आणि मग आम्ही दोघंही हललो नाही तशी गप्प झाली. तिला परातीत पोट भिजवताना त्याने पाहिलं. मग म्हणाला, "परात आयेची हाय ना?"

"हाय."

"मरनार तू."

समोर कामोठ्याच्या इमारतींत दिवे लागले. अजान झाली. फारूकभायने टपरीवर फडकं टाकलं असणार. आणि टिटवी उठली.

आधी तिचा आवाज, मग इंजिनाचा. टँकर दिवे बंद करून बांधावर आला. बांध एवढा अरुंद की गाडी वळत नाही, आली तशी मागे जावी लागते. आम्ही राबिटाच्या ढिगाआड बसलो होतो. नळी उघाडीत पडली. मी काळूरामचा हात दाबला. तो उठला, वाकून टँकरच्या मागे गेला आणि जन्मभर खाडीत टाकलं तसं, एका झोक्यात, ते दोन पावसाळ्यांचं जाळं मागच्या चाकांखाली पसरलं. मी पुढे होऊन ओरडायला लागले.

ड्रायव्हर धावत गाडीत चढला आणि गाडी मागे घेतली. जाळं चाकांत गेलं, गुंडाळलं, आवळलं. टँकर दोनदा हिसके देऊन थांबला. तेव्हा तो माणूस हातात लोखंडी पाना घेऊन उतरला आणि काळूरामच्या अंगावर गेला.

मी ओरडतच होते. टिटवी वरून ओरडत होती. वाड्याची सगळी दारं बंद. तिथे आत शेगड्यांवर मीठ पडत होतं आणि माणसं गप्प बसून मोजत होती, आज किती टिटव्या. माझ्या आयुष्यात मला एवढा राग कधी आला नव्हता. टँकरवाल्याचा नव्हे, कड्यांचा.

आणि एक दार उघडलं.

ठमाबाई उंबऱ्यात उभी होती. आमच्या उंबऱ्यातून बांध सरळ समोर दिसतो. तिने बांधावर पाहिलं. टिटवी ओरडत होती, नाव घ्यायचं नाही अशी ती वेळ. जन्मात जिने त्या वेळेला हाक मारली नाही, त्या बाईने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"काळूरामऽऽ," ती ओरडली. "दमयंतीऽऽ."

माझं नाव मी तिच्या तोंडून असं पहिल्यांदा ऐकलं. सून इतकी वर्षं टिटवी म्हणून चालत होती, पण मरणाच्या तोंडून ओढून काढायची वेळ आली तेव्हा तिला माझं खरं नाव लागलं. ती अनवाणी पळत आली. पळताना प्रत्येक दारावर थाप मारत होती आणि आतल्या माणसाचं नाव घेत होती. "काशीराम, भाईर ये. दयाराम, ऊठ. भावेश, चल." नावामागून नाव. ज्याचं नाव टिटवीच्या वेळी घेतलं गेलं त्याला आत बसायला कारणच उरलं नाही. नाव गेलंच होतं, आता माणसाने तरी का लपावं? दारं उघडली. बायका उलथणी घेऊन आल्या, पुरुष वल्ही घेऊन आले. काशीरामबाबा सगळ्यात शेवटी आले, हातात मोठी बॅटरी घेऊन. त्यांनी तिचा झोत थेट उघाडीवर टाकला, आणि ते पिवळं, वाफाळलेलं पाणी सगळ्या वाड्याने डोळ्यांनी पाहिलं.

मग दयारामने पुढे होऊन नळीचं तोंड बंद केलं.

ड्रायव्हरने पाना टाकला. तरणा पोरगा होता, हातांची कातडी खंड्याच्या पायांसारखी सोललेली. "साधं पाणी आहे असं सांगून देतात मला," तो म्हणाला. मला त्याची दया आली. पण लोक जमले त्या गोंधळात गाडीची चावी मी काढून घेतली होती, ती काही परत दिली नाही. फारूकभाय नमाजवरून आला, त्याने फाट्यावर बाकडी आडवी टाकून रस्ता अडवला, आणि पोलीस येईपर्यंत त्या बाकड्यांवर वाड्याला चहा पाजला. ते आले. टँकर गेला, ड्रायव्हर गेला. मालकाचं काय झालं ते आम्हाला अजून कोणी सांगितलेलं नाही. आम्ही विचारायला जातो. सगळे मिळून जातो आणि मोठ्या आवाजात विचारतो. साहेब आता खिडकी लावून घेतात.

काळूरामचं जाळं चाकातून कापून काढावं लागलं. तो नवं विणतोय.

चार अंड्यांतली दोनच उबली. दोन तशीच राहिली. फोडून पाहिली तर आतलं कुजलं होतं. त्या पाण्याने की उन्हाने, कोण सांगणार. मी मात्र पाण्याच्याच नावाने बोटं मोडते. उबलेली दोन पिल्लं राबिटात पळतात, लाद्यांच्या रंगाची, थांबली की दिसेनाशी होतात. पितळी परात अजून बांधावरच आहे. सासूने ती एकदाही परत मागितली नाही, उलट रोज सकाळी तीच पाणी बदलते. मी पाहिलं की म्हणते, माशा होतात म्हणून बदललं.

परवा संध्याकाळी आम्ही जेवत होतो. टिटवी ओरडली. ठमाबाई ताटावरून उठली, खरकट्या हाताने कडी काढली आणि दार सताड उघडलं. फाट्यावर कोणाच्या तरी गाडीचा दिवा हलताना दिसत होता. शेजारची दारं एकेक करून उघडत होती. मी कोयता शोधत होते. ती उंबऱ्यात उभी राहून बांधाकडे बघत म्हणाली, "वरड गो बाय, वरड. आमी आलाव."